यादीत कोणाला किती ओळी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलंय, "तुझ्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोल. सॉफ्टवेअर नको, जेवणाची वेळ जवळ आलीये." तर माझा छंद असा, की चाळिशी ओलांडल्यावरही मी दर शनिवारी फासे टाकते. पैसे लावून नाही, हे पहिल्या रांगेतल्या बाईंसाठी आधीच सांगून ठेवते.

या खेळांना टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. आपण लहानपणी व्यापार खेळायचो, तसा इथे पट लागतोच असं नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. "रात्र आहे, भरती आलीये, गलबताच्या तळाशी पाणी शिरतंय. काय करता?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. किती पडलं म्हणजे जमलं, ते पात्राच्या कागदावरून ठरतं. तो कागद म्हणजे आपलं प्रगतिपुस्तकच. एका बाजूला कौशल्याचं नाव, दुसऱ्या बाजूला गुण.

त्या कागदावरची यादी कशी करायची, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. ऐकायला सोपा वाटतो. मलाही वाटला होता.

हा खेळ अमेरिकेतला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात पात्रांचे मुख्य प्रकार तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. आज असते तशी कौशल्यांची यादी नव्हती. लढवय्याला जे यावं ते त्याला यायचं, उरलेलं सूत्रधाराशी बोलून ठरायचं. १९७५ साली एका पुरवणीत चोर हे पात्र आलं. त्याच्यासोबत कुलूप उघडणं, चोरपावलांनी चालणं यांचे टक्के आले. आणि लगेच पंचाईत झाली. चोराच्या कागदावर चोरपावलांचे टक्के आहेत, मग बाकीच्यांना आवाज न करता चालताच येत नाही का? यादीत एखादी गोष्ट शिरली, की ज्याच्या नावापुढे ती नाही त्याला ती येत नाही असं आपोआप धरलं जातं. ही या सगळ्या विषयातली पहिली मेख.

पुढे याद्या वाढल्या. १९८१च्या 'कॉल ऑफ क्थुलू' या भयकथेच्या खेळात ग्रंथालयात माहिती शोधणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्या गोष्टींत पुस्तकांत दडलेली रहस्यं असतात, त्यामुळे ते शोभतं. त्याची एक पद्धत मला फार आवडते. जे कौशल्य यशस्वीपणे वापरलं त्याच्यापुढे खूण करायची आणि साहस संपल्यावर पुन्हा फासा टाकायचा. या वेळी आपल्या टक्क्यांपेक्षा जास्त पडलं तरच कौशल्य वाढतं. म्हणजे ज्याला कमी येतं तो भराभर शिकतो, ८० टक्के येणाऱ्याला पुढची पायरी अवघड जाते. आपल्या गणिताच्या बाई हेच वेगळ्या शब्दांत सांगायच्या.

१९८६ साली स्टीव्ह जॅक्सन यांचा 'गर्प्स' आला. त्याची यादी लांबलचक. पण त्याच्यासोबत एक शहाणपणाचा नियम होता, शेजारच्या कौशल्याचा. एखादी गोष्ट शिकला नसाल, पण तिच्या जवळची येत असेल, तर काही गुण वजा करून प्रयत्न करता येतो. ज्याला एक प्रकारचं हत्यार चालवता येतं तो दुसरं हातात घेतल्यावर अगदीच अडाणी नसतो.

याद्या तुटण्याचा सर्वांत मोठा धोका मात्र गणितात आहे. २००० साली आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीत लपणं आणि आवाज न करता चालणं ही दोन वेगळी कौशल्यं होती. पहारेकऱ्याच्या नजरेतून निसटायला दोन्ही जमायला हवीत. समजा प्रत्येकात यशाची शक्यता ६० टक्के. दोन्ही लागोपाठ जमण्याची शक्यता ६० गुणिले ६०, म्हणजे फक्त ३६ टक्के. शिवाय गुण दोन ठिकाणी खर्च करायचे. एकच काम दोन ओळींत लिहिलं, की ते महागही होतं आणि अवघडही. नंतर या दोन ओळी एक झाल्या. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सगळी मिळून १८ कौशल्यं आहेत.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरीही स्वतःचा खेळ रचताना मी तीच चूक केली.

माझा खेळ कान्होजी आंग्र्यांच्या काळातल्या कोकणात घडतो. गुराबा, गलबतं, विजयदुर्ग, खाडीतली चोरटी वाहतूक. मी मोठ्या हौसेने ४६ कौशल्यांची यादी केली. त्या काळच्या औषधोपचारांबद्दल मी बरंच वाचलं होतं, म्हणून वैद्यकीच्या सात ओळी केल्या : जखम बांधणं, हाड बसवणं, विष उतरवणं, ताप ओळखणं, काढे करणं, बाळंतपण, डोळ्यांचे विकार. तलवारीबद्दल मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिची ओळ एकच.

प्रत्येकाला ४० गुण वाटले. नियम असा : कौशल्याला दिलेले गुण अधिक ३, आणि २० बाजूंच्या फाशावर तितकं किंवा त्याहून कमी पडलं तर काम जमलं. भाच्याने तलवारीला १२ गुण दिले. त्याचे झाले १५, म्हणजे ७५ टक्के. माझी नणंद परिचारिका आहे. तिने वैद्यीण घेतली आणि सातही ओळींत चार-चार, असे २८ गुण घातले. तिचे प्रत्येक ठिकाणी झाले ७, म्हणजे ३५ टक्के. भाच्याच्या दुपटीहून जास्त गुण खर्चून तिच्या हाती त्याच्या निम्म्याहून कमी आलं.

त्या शनिवारी एक खलाशी तापाने फणफणला. मी म्हटलं, आधी ताप ओळखायचा, मग काढा द्यायचा, दोनदा फासा. म्हणजे शक्यता जेमतेम १२ टक्के. खलाशी गेला. नणंदेने फासा खाली ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, जी बाई ताप ओळखते तिला काढा करता येत नाही, असं तुला सांगितलं कोणी? तलवारीचे सात तुकडे का नाही केलेस?"

भाचा म्हणाला, "मामी, नको हं!" सगळे हसले. मला मात्र रात्री झोप लागली नाही, आणि त्याचं कारण खेळ नव्हता.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे वार्षिक मूल्यमापनासाठी कौशल्यांचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं होतं. ४१ ओळींचा तक्ता मी एका आठवड्यात केला आणि मला त्याचा अभिमान होता. त्यात डेटाबेसच्या नऊ ओळी होत्या, कारण ते माझं क्षेत्र. ग्राहकांशी बोलण्याची ओळ एक. आमच्या गटात एक सहकारी होती. चिडलेल्या ग्राहकाचं म्हणणं ती शांतपणे ऐकून घ्यायची, त्यातून नेमकी चूक काय आहे ते शोधायची आणि ती आम्हाला कळेल अशा भाषेत लिहून द्यायची. ही किमान चार वेगळी कामं. माझ्या तक्त्यात त्यांना एका ओळीचे गुण. बेरीज झाली तेव्हा ती सर्वांत खाली आली. वर्षभरात ती कंपनी सोडून गेली. "आकडे तर स्पष्ट आहेत," असं त्या बैठकीत मीच म्हणाले होते.

माझ्या दोन्ही याद्यांत दोष एकच होता, फक्त उलट्या बाजूंनी. खेळात ओळींना गुण मोजावे लागत, म्हणून जास्त ओळी असलेला बुडाला. तक्त्यात ओळींचे गुण मिळत, म्हणून कमी ओळी असलेली बुडाली. आणि ओळी किती असाव्यात हे दोन्ही वेळा माझ्या माहितीने आणि आवडीने ठरलं होतं.

मी तिला फोन केला. ती आता दुसरीकडे छान काम करते आहे. मी माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मला तेव्हाच दिसलं होतं. पण ते लिहायला तुझ्या तक्त्यात ओळ नव्हती."

खेळाची यादी मी नव्याने केली. आता व्यापक कौशल्यं नऊच आहेत : खलाशी, लढवय्या, वैद्य, कारकून, कारागीर वगैरे. प्रत्येकाखाली खेळाडूने स्वतः सुचवलेलं खास कौशल्य, 'विष उतरवणं' किंवा 'मोडी अक्षर ओळखणं' असं. व्यापक कौशल्य एकाने वाढवायला तीन गुण, खास कौशल्याला एक. एका व्यापक कौशल्याखाली खास दोनच, आणि कोणतंही तीनपेक्षा जास्त वाढत नाही. ही मर्यादा नसेल तर लोक एकाच गोष्टीत सगळे गुण ओततात आणि उरलेला वेळ हाताची घडी घालून बसतात. शेजारच्या कामासाठी चार वजा. म्हणजे ज्याची शक्यता ५० टक्के, त्याच्या खास कामात ती ६५पर्यंत जाते आणि शेजारच्या कामात ३० राहते. शून्य कोणाचंच होत नाही.

आणखी एक नियम नणंदेने घातला. यादी ठरली, की प्रत्येक ओळीपुढे विचारायचं : खेळात ही कधी लागेल, आणि ही ओळ घेणारा आपल्याकडच्यांपैकी कोण? उत्तर नसेल तर ओळ काढायची. एखाद्याला घ्यायला ओळच सापडत नसेल तर नवी लिहायची.

आपल्या प्रगतिपुस्तकातही ओळी ठरलेल्या होत्या. सर, बाई, तुम्ही त्या ठरवल्या नव्हत्या, वरून आल्या होत्या. तरी त्या ओळींच्या बाहेरचं तुम्ही पाहत होतात, हे आम्हाला माहीत आहे. आपल्यातला एक मुलगा गणितात काठावर पास व्हायचा, पण स्नेहसंमेलनाचा ध्वनिक्षेपक बंद पडला की सर त्यालाच हाक मारायचे. आज सकाळी हा माईक खरखरला तेव्हाही तोच धावला.

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी आपली सूची आहे : नाव, शिक्षण, व्यवसाय, गाव. त्यात एक रकाना वाढवा : "कोणत्या कामासाठी हाक मारावी?" आणि तो ज्याचा त्याने भरायचा नाही. शेजारी बसलेल्याने भरायचा. तीस वर्षांनी आपण एकमेकांना किती ओळखतो तेही कळेल.

माझ्या नावापुढे काय येतं ते जेवताना बघते.