होडीतली मागची जागा

(मिनेसोटात राहणाऱ्या मराठी स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



सहलीची तयारी म्हटली की आपल्या वाट्याला डबे आणि अंथरुणं येतात. वाट कोणती आणि मागे कधी फिरायचं, हे दुसरंच कोणी ठरवतं. ‘बाउंड्री वॉटर्स’मध्ये कॅनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी घेऊन जाताना ही वाटणी मोडायची आहे.

कॅनडाच्या सीमेलगतचा हा सुमारे ११ लाख एकरांचा प्रदेश, त्यात हजारावर तळी. १९७८ च्या कायद्यानं बहुतेक तळ्यांवर मोटारबोटींना बंदी आली. पण हे रान निर्मनुष्य कधीच नव्हतं. ही ओजिब्वे लोकांची भूमी. १८५४ च्या करारात जमीन गेली, तरी शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क त्यांनी राखले. आपण तिथे पाहुण्या आहोत. बाईला रान नवं नाही, हेही लक्षात ठेवू या. परिचारिका असलेल्या डोरोथी मोल्टर नाइफ लेकवर अनेक वर्षं एकट्या राहिल्या. सरकारनं घर सोडायला सांगितलं तेव्हा लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या.

आता कामाचं. मे ते सप्टेंबर मुक्कामाच्या परवान्यांची संख्या मर्यादित असते. प्रवेशाचं ठिकाण आणि तारीख आधीच ठरवावी लागते. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं, ४ होड्या. मासे धरायचे तर वेगळा परवाना. वॉलआय पहाटे आणि संध्याकाळी चांगला लागतो, पण गळाच्या भरवशावर जेवण ठेवू नका, डाळ-तांदूळ न्याच. डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, म्हणजे लोणच्याची बरणी घरीच. अन्न अस्वलांच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं. पाळी आली तर वापरलेले पॅड संडासात टाकायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे.

दोन तळ्यांमध्ये होडी खांद्यावरून न्यावी लागते. ही वाट ‘रॉड’मध्ये मोजतात, १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, ३२० रॉडचा मैल. सामान दोन खेपांत नेलं तर तीच वाट तीनदा चालावी लागते. म्हणून ओझं कमी ठेवा. केवलारची होडी साधारण २० किलोची असते. ती दोघी मिळून उचलू शकतात.

आपल्यातल्या कितीतरी जणींना लहानपणी पोहायला शिकवलंच नाही. त्याची लाज आपण का बाळगायची? पण पाण्याला हे कळत नाही. तेव्हा जीवरक्षक जाकीट सामानात नव्हे, अंगावर हवं. जाण्याआधी जवळच्या उथळ तळ्यात होडी मुद्दाम उलटवून सराव करू. दुपारी वारा वाढतो, म्हणून मोठी तळी सकाळीच, काठाकाठानं पार करायची. मोबाइलवर विसंबायचं नाही. वाट आणि परतीची तारीख घरी लिहून ठेवायची.

कॅनूत मागे बसणारी दिशा देते. ती जागा रोज बदलायची. नकाशा प्रत्येकीला वाचता आला पाहिजे. एखादी म्हणाली, ‘मला भीती वाटते,’ तर थांबायचं. तिची समजूत घालत पुढे रेटायचं नाही. घरी तेच होत आलंय.

‘मुलांना कोण बघणार?’ असं विचारतील. त्यांचे वडील बघतील.

पुढच्या बैठकीला कामं वाटून घेऊ. स्वयंपाकाचं काम चिठ्ठी टाकून ठरवू, आणि नकाशाचंही.