विजेच्या उपचारानंतरचे सहा महिने



संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. करारावर सह्या झाल्या म्हणजे लढा संपत नाही. करार पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम त्या दिवशी सुरू होते. तीव्र नैराश्याचेही तसेच आहे.

विजेच्या उपचाराला लोक ‘शॉक’ म्हणतात व भितात. १९३८ साली रोममध्ये तो प्रथम झाला. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून तो करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. अन्नपाणी सोडलेला माणूस त्याने काही आठवड्यांत उठून बसू शकतो. मग घरचे म्हणतात, बरा झाला, आता गोळ्या कशाला? घात होतो तो येथे.

२००१ साली अमेरिकेत सॅकाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बऱ्या झालेल्यांची पाहणी प्रसिद्ध केली. नुसत्या नकली गोळ्या मिळालेल्यांपैकी शेकडा ८४ सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलीन घेणाऱ्यांपैकी ६०. जोडीला लिथियम घेणाऱ्यांपैकी ३९. धोका नाहीसा झाला नाही, पण निम्म्याहून खाली आला. काहींना डॉक्टर विजेचाच उपचार, मधले अंतर वाढवीत, पुढे चालू ठेवतात.

आता आपल्या वाशिमकडे पाहू. पोती वाहणारा हमाल अकोल्याला तपासणीस गेला, तर मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. म्हणून फेरी चुकते, गोळी संपते. लिथियम घेणाऱ्याने ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यावे. वैशाखात घाम जाऊन पाणी कमी पडले, किंवा पाठदुखीवर मनाने आयबुप्रोफेन घेतले, तर ते रक्तात साचते. हात कापू लागले, ओकाऱ्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर तडक दवाखाना गाठावा.

या उपचाराने काही काळ विसर पडतो. तारखा घरच्यांनी लिहून ठेवाव्यात. पहाटेच झोप मोडू लागली, जेवण नकोसे झाले, बोलणे खुंटले, की वाट पाहू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येते.

टोळीतील गड्यांना आमचे सांगणे एवढेच, की तपासणीच्या दिवसाची त्याची मजुरी सर्वांनी मिळून उचलावी. आणि त्याच कायद्याच्या १८ व्या कलमाने आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत. ती खैरात नव्हे, हक्क आहे. न मिळाल्यास एकट्याने परत फिरू नका. चौघे मिळून मागा.