अपंगांचे वाहन आणि सवलतींचे अर्थकारण



मोटार म्हणजे चैन, हे समीकरण आपल्या चळवळीत पक्के बसलेले आहे. धडधाकट माणसापुरते ते खरे असेलही. परंतु अकोले तालुक्यातून नगरचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एस.टी.च्या पहिल्या पायरीशीच ज्याचा प्रवास अडतो, त्याला स्वतः चालविता येणारे वाहन हे रोजगाराचे साधन असते. २०१६च्या कायद्यानंतरच्या काळात ‘दिव्यांग’ हे नाव सर्वत्र रूढ झाले. पायरीची उंची मात्र फारशी उतरली नाही.

नगर हे वाहनांचे गाव. १९७२ची लुना इथल्याच कायनेटिकच्या कारखान्यातली. १९८४मध्ये या उद्योगसमूहाने होंडाच्या सहकार्याने बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर आणली. ती अपंगांसाठी बनविलेली नव्हती. तरीही किक मारावी लागत नाही, क्लच दाबावा लागत नाही, एवढ्यावरच कितीतरी अपंगांनी तिला बाजूची दोन चाके जोडून घेतली. कायदा मात्र मागे राहिला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याला अपंगाचे वाहन खास बांधलेलेच हवे होते. केवळ फेरबदल केलेले त्या व्याख्येत बसत नव्हते. फेरबदलाला त्या व्याख्येत जागा मिळण्यासाठी २०१९ची दुरुस्ती यावी लागली. एकतीस वर्षे!

आता प्लग-इन हायब्रिडची चर्चा आहे. रोजचे थोडे अंतर घरी भरलेल्या विजेवर आणि लांबचा पल्ला पेट्रोलवर, अशी ही दुहेरी मोटार. क्लच बहुधा नसतोच, त्यामुळे हाताने चालविण्याचा ॲक्सिलरेटर-ब्रेकचा दांडा बसविणे सुलभ होते. पण बॅटरी पुष्कळदा डिकीची जागा खाते आणि व्हीलचेअर नेमकी तिथेच ठेवायची असते. शिवाय परदेशातील हिशेब इथे उलटतो. ब्रिटनमध्ये पंपावर स्वतः उतरून पेट्रोल भरावे लागते. म्हणून घरच्या विजेचे अपंगांना आकर्षण. आपल्याकडे पंपावरचा कामगार टाकी भरून देतो. सार्वजनिक चार्जिंगच्या ठिकाणी मात्र उतरा, कठड्यावर चढा आणि जड केबल ओढा! ब्रिटनने २०२२मध्ये अपंगांना वापरता येतील अशा चार्जिंग केंद्रांचे मानकच ठरविले.

खरी मेख कराची आहे. चाळीस टक्के वा अधिक अस्थिव्यंग असलेल्यास छोट्या मोटारीवर अठ्ठावीसऐवजी अठरा टक्के जीएसटी द्यावा लागे. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या मोटारी सर्वांनाच अठरा टक्क्यांवर आल्या. सर्वांना स्वस्ताई झाली हे चांगलेच. पण अपंगाचा जादा खर्च भरून काढणारा फरक तेवढा पुसला गेला. हाताचा दांडा, बिनक्लचची महाग आवृत्ती, हे त्याने कोठून भागवायचे? प्लग-इन हायब्रिड तर आपल्याकडे आजवर प्रामुख्याने महागड्या परदेशी मोटारींतच आली आणि मोठ्या मोटारींना चाळीस टक्के कर आहे. निव्वळ विजेच्या मोटारीला पाच टक्के. ज्याचे रोजचे जाणे-येणे तालुक्यापुरते आहे आणि घरात प्लग आहे, त्याने आज हायब्रिडची वाट पाहण्यात अर्थ नाही. लांब पल्ल्याच्या माणसाला छोटी बिनक्लचची पेट्रोल मोटार बरी.

ब्रिटनमध्ये १९७७पासून मोटॅबिलिटी ही योजना अपंगाच्या भत्त्याच्या बदल्यात मोटार भाड्याने देते. आपल्याकडे निदान फेरबदलाचा खर्च सरकारने उचलावा, तालुक्याच्या प्रत्येक एस.टी. स्थानकात बिनकठड्याचे एक चार्जिंग केंद्र असावे, आणि आपल्या तालुका शाखांनी पुढच्या आमसभेत हे दोन ठराव मांडावेत.