रोज एक तास, दम लागेपर्यंत

5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज एक तास. पण जगभरातल्या 11 ते 17 वयाच्या दर पाच मुलांतली चार तेवढी हलत नाहीत. शाळेत बाक, मग क्लास, घरी मोबाइल. दिवस बसण्यातच जातो.

अभ्यास बुडेल, ही पालकांची भीती समजते. पण खेळून आलेल्या मुलाचं लक्ष उलट जास्त चांगलं लागतं, असं अभ्यासकांना दिसलं आहे. मैदान नाही, ही अडचण मात्र अगदी खरी. तरी हा एक तास मैदानाशिवायही भरतो, आणि तो सलग लागत नाही. शाळेपर्यंत झपझप चालणं, मधल्या सुट्टीत लंगडी, संध्याकाळी अंगणात दोरीच्या उड्या. एका पायावर गडी बाद करताना कपाळावर घाम येतोच! आणि पालकहो, पीटीचा तास गणिताला देऊ नका, हे शाळेला जरूर सांगा.