सहस्रकुंडाचा सिंह आणि इंग्रजीतले अलंकार


भोकर, हिमायतनगर, किनवटच्या दहावीच्या मुलांनो,
आजचं बोलणं खास तुमच्यासाठी.

इंग्रजी कवितेच्या रसग्रहणात
'फिगर ऑफ स्पीच' ओळखायची असते.
बरीच मुलं व्याख्या घोकतात.
मी सांगेन, आधी चित्र पाहा.

पैनगंगेवरचं सहस्रकुंड आठवा.
पावसाळ्यातला तो धबधबा.
आता म्हणा,
'द वॉटरफॉल रोअर्स लाइक अ लायन.'
धबधबा सिंहासारखा गरजतो.
'लाइक'मुळे तुलना उघड झाली.
ही सिमिली, म्हणजे आपली उपमा.

आता 'लाइक' काढा.
'द वॉटरफॉल इज अ रोअरिंग लायन.'
धबधबा सिंहच झाला!
हा मेटाफर, म्हणजे आपलं रूपक.

पण नुसतं 'लाइक' दिसलं,
की सिमिली लिहून मोकळं होऊ नका.
'आय लाइक मँगोज' यात आवड आहे.
'ही लुक्स लाइक हिज फादर' यात
मुलगा खरोखरच बापासारखा दिसतो.
दोन्हीकडे अलंकार नाही.
म्हणून पुन्हा सांगते, आधी चित्र पाहा.

आणि नदी गाते, वारा रुसतो,
असं कवी म्हणाला,
तर ते पर्सॉनिफिकेशन.
मराठीत तुम्ही चेतनगुणोक्ती शिकलातच.

आज संध्याकाळी एक करा.
शिवारातल्या पळसाकडे नीट बघा,
आणि त्याच्यावर इंग्रजीत
तुमची स्वतःची एक सिमिली लिहा.
उद्या वर्गात बाईंना, सरांना वाचून दाखवा.