ऐकणाऱ्या बाजूला बसा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'गाठ' म्हटलं की आपल्याकडे आधी कर्करोगच मनात येतो. माझ्या घरीही तसंच झालं. अकूस्टिक न्यूरोमा ही गाठ मात्र कर्करोगाची नव्हे. शरीराचा तोल सांभाळणारी जी नस कानातून मेंदूकडे जाते, तिच्या आवरणावर ती बहुधा सावकाश वाढते. एका कानानं कमी ऐकू येतं, कानात शिट्टी वाजत राहते, चालताना झोक जातो. काहींच्या गाठीवर नुसती नजर ठेवतात, काहींना किरणोपचार देतात, काहींची शस्त्रक्रिया करतात. माझी शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, उजवा कान गेला.

पुढचं शिकवलं ते सिल्लोडकडच्या एका बाईंनी. तपासणीच्या रांगेत त्या शेजारी होत्या. पंगतीत उजव्या टोकाला बसा, म्हणजे सगळे ऐकत्या कानाकडे येतात. शेअर रिक्षातही तेच. जालना रोड ओलांडताना हॉर्नवर विसंबू नका. आवाज येतो, पण कुठून ते एका कानाला कळत नाही. रात्री वीज गेली तर बॅटरी घेतल्याशिवाय उठू नका, कारण आता आपला तोल बराचसा डोळ्यांवर असतो.

त्यांचा एक डोळा पुरता मिटत नसे. चेहऱ्याची नस या गाठीला अगदी खेटून असते. रात्री मलम लावून पट्टी चिकटवायची, दिवसा थेंब घालायचे, हे त्यांनी सहज सांगितलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, तोंड वाकडं झाल्यापासून दोन वर्षं मी कुणाच्या लग्नाला गेले नाही." हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३७ लाख होती. त्या हिशेबानं दरवर्षी तीस-चाळीस तरी नवे रुग्ण निघावेत. कुणी कन्नडला, कुणी वैजापूरला. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच. अमेरिकेत व्हर्जिनिया फिकेल या रुग्ण बाईंनीच १९८१ मध्ये अशांची संघटना उभी केली. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांचं मित्रमंडळ आहे. मग आपल्याकडे पाच-सहा जणांना जमायला काय हरकत आहे?

एक पथ्य मात्र कडक हवं. ऑपरेशन करावं की थांबावं, हे बैठकीत ठरवायचं नाही. गाठीचा आकार, वय, उरलेलं ऐकू येणं, सगळं प्रत्येकाचं निराळं असतं. तो निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच घ्यावा.

सुरुवात सोपी आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आपला फोन नंबर ठेवायचा. रुग्णाचा नंबर मागायचा नाही. त्याला वाटलं तर तो फोन करील. बैठक दिवसाउजेडी, तळमजल्यावर, लहान शांत खोलीत घ्यावी. खुर्च्या गोलात मांडाव्यात आणि एका वेळी एकानंच बोलावं. दोघं एकदम बोलू लागले, की आमच्यातल्या बहुतेकांना काहीच कळत नाही.