नुसती भाकर पुरत नाही
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी एका दुःखाची आठवण काढावी लागते आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी-नांदेडच्या खेड्यापाड्यांत आपली घरे जाळली, माणसे झोडपली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा तर जीवच घेतला. कितीतरी कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून निघाली. देशाची सीमा ओलांडली नाही एवढेच, नाहीतर ती निर्वासितच की!

अशांना आपण भाकर देतो, आसरा देतो. चांगलेच आहे. पण मार खाल्लेल्या माणसाची भीती भाकरीने जात नाही. रात्री दार वाजले की तो दचकून उठतो. कामात जीव रमत नाही. मग आपलीच माणसे म्हणतात, 'आळशी झालाय.' अहो, तो आळस नव्हे, घाव आहे. डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

हे दुःख आपल्यापुरतेच नाही. तिबेटचे भिक्खू पाल्देन ग्यात्सो यांनी ३३ वर्षे तुरुंगात व श्रमछावणीत छळ सोसला. १९९२ मध्ये ते भारतात आले, धरमशालेत राहिले आणि जगाला आपली हकिकत सांगू शकले. आसऱ्याच्या जागी धीर मिळाला, की माणूस पुन्हा बोलता होतो.

तेव्हा आपण काय करावे? आल्या-आल्या 'काय झालं, कसं मारलं' असे विचारू नये. तो आपणहून बोलेल तेव्हा ऐकावे. दवाखान्यात त्याच्या सोबत जावे, कागद जपून ठेवावेत. कोर्टाच्या तारखेला एकट्याला पाठवू नये. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत पीडितांना व साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो. १९७८ साली हे नव्हते. आज आहे, तर तो मागून घ्यावा. हाताला काम आणि लेकरांना शाळा लवकर मिळवून द्यावी.

एक आजारी भिक्खू घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले. उपदेश नंतर केला, सेवा आधी केली. आपल्या विहाराचे दारही असेच आधी उघडावे, चौकशी मागाहून व्हावी, एवढेच सांगून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!